सात रस्ता म्हटलं की पळायचं

(दृश्य: सकाळ. सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, मागे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. मग पूर्व भागातली एक गल्ली, बंद यंत्रमाग, वर जाणारा अरुंद जिना.)

सुट्टीच्या दिवशी पूर्व भागातल्या मागांची खडखड थांबते. त्या शांततेत या माडीवरून फासे घरंगळल्याचा आवाज येतो. खाली अंथरलेली सोलापुरी चादर, तिच्यावर चौकटींचा कागद, आणि भोवती पाच जण. गेली तीन वर्षं आम्ही इथे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फाशांवर आणि कल्पनेवर चालणारा साहसकथांचा खेळ. एक जण गेम मास्टर: जग त्याचं, राक्षस त्याचे. बाकीच्या चौघांकडे एकेक पात्र.

या तीन वर्षांत आमची पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, दोनदा सगळीच्या सगळी मेली. पळून किंवा शरण मात्र एकदाही गेली नाही. मला हे बरेच दिवस छळत होतं. कारण आम्ही घाबरट नसू, पण मूर्खही नाही.

(दृश्य: कागदावर लांडग्यांच्या चार सोंगट्या. फायटरची, म्हणजे लढवय्याची, सोंगटी मध्ये अडकलेली.)

आमचा दुसरा शेवट या लांडग्यांनी केला. सध्या बहुतेक टेबलांवर २०१४ च्या नियमांवर बेतलेला खेळ चालतो. त्यात माणूस एका फेरीत ३० फूट चालतो, लांडगा ४०. शत्रूला सोडून नुसतं निघालात तर तो जाता जाता एक फुकटचा घाव घालतो. तो चुकवायचा तर त्या फेरीतली अख्खी कृती खर्च करून अंग काढून घ्यायचं, मग ३० फूट जायचं. पुढच्या क्षणी लांडगा पुन्हा अंगावर. जिवाच्या आकांताने ६० फूट पळालात, तर तोही ८० पळतो. खेळाडू हे मनातल्या मनात मोजतो आणि म्हणतो, मग लढूच की!

पण खरी गोम मला वेगळीच वाटते. या खेळात चार एचपी (जीव किती उरला त्याचा आकडा) उरलेला फायटर चाळीस एचपीवाल्याइतकीच जोरात तलवार चालवतो. हात थरथरत नाही, पाय लंगडत नाही. लढाई हाताबाहेर चाललीय हे कळतं कधी? कुणीतरी कोसळतं तेव्हा. आणि कोसळलेला लगेच मरत नाही. आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. तीन फासे चुकले की संपला. म्हणजे ज्या क्षणी पळायला हवं, नेमका त्याच क्षणी मित्र जमिनीवर पडलेला आणि अजून जिवंत. त्याला टाकून कोण जाईल? आमची क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारी पुजारीण, त्या दिवशी परत फिरली. तिच्या मागे रोग (rogue), म्हणजे आमचं चोर पात्र. मग सगळेच.

(दृश्य: भीमेचा काठ, माचणूरचा किल्ला.)

खरं तर माघार आपल्याला नवी नाही. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि पुढे जिंजीला पोहोचले. मराठ्यांच्या मागे लागलेल्या औरंगजेबाला पुढे आपल्याच जिल्ह्यात, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, भीमेकाठी काही वर्षं तळ ठोकून बसावं लागलं.

आणि पावनखिंड. लहानपणापासून आपण ती शौर्याची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण जुलै १६६० च्या त्या रात्री चाललं होतं काय? पन्हाळ्याच्या वेढ्यातून माघार. कुठे पोहोचायचं ते ठरलेलं: विशाळगड. खिंडीत मागे कोण थांबणार ते ठरलेलं. महाराज पोहोचल्याची खूणही ठरलेली: तोफेचा आवाज. आमच्या टेबलावर यातलं काहीच ठरलेलं नसायचं. एकाने पळू म्हणायचं, दुसऱ्याने अजून एक फेरी म्हणायचं, तोवर तिसऱ्याची पाळी येऊन त्याने घाव घातलेला.

(दृश्य: जुन्या वहीतली कॅरेक्टर शीट, पिवळा पडलेला कागद.)

हा खेळ १९७४ मध्ये आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्याची मुळं सैन्यांच्या पटावरच्या लढायांत होती, आणि तिथे फळी मोडणं नेहमीचंच. १९८१ च्या आवृत्तीत राक्षसांनाही धैर्याचा आकडा असे. त्यांच्यातला पहिला पडला किंवा निम्मे संपले, की दोन फासे टाकायचे. आकड्याच्या वर गेलं तर ते पळायचे किंवा हात वर करायचे. पाठलाग चुकवायला आपण मागे खाणं किंवा सोनं टाकावं, असंही नियमांतच होतं. अनुभवाचे गुणही मुख्यतः आणलेल्या खजिन्यावर मिळत, त्यामुळे लढाई टाळून खजिना आणणारा शहाणा ठरे. पुढच्या आवृत्त्यांत गुण प्रामुख्याने शत्रूला हरवण्यावर आले. २०१४ च्या नियमांत धैर्याचा फासा आहे, पण ऐच्छिक.

ज्या जगात शत्रू कधी पळत नाही, तिथे पळणं सुचणार कुठून?

शरण जाणं तर त्याहून अवघड. खेळाडूच्या ताब्यात एकच गोष्ट असते, आपलं पात्र. शस्त्र खाली ठेवलं की तेही गेलं. शिवाय आमच्या हातून घडलेलं एक सांगितलंच पाहिजे. एकदा एका गॉब्लिनने, म्हणजे छोट्या राक्षसाने, हात जोडले. आम्ही त्याला बांधलं, संध्याकाळभर वाद घातला, आणि शेवटी मारलं. त्यानंतर शत्रू आपल्याला सोडेल असं आम्ही कशाच्या जोरावर मानायचं?

(दृश्य: संध्याकाळ. सात रस्ता चौक, सगळ्या बाजूंनी येणारी वाहनं.)

दुसऱ्या खेळांनी यावर वाट काढलीय. थर्टीन्थ एज या २०१३ च्या खेळात सगळ्यांनी एकमताने ठरवलं की पळणं यशस्वी होतंच, पडलेल्यांना उचलून नेण्यासकट. किंमत कथेत मोजायची. फेट या खेळात फासा पडण्याआधी हार मानली, तर आपण कसे निसटलो हे ठरवण्यात आपलाही वाटा राहतो, वर गुणही मिळतात.

आमच्या गेम मास्टरने त्यावरून आमचा नियम केला. कुणीही, कधीही म्हणायचं, “सात रस्ता!” चर्चा नाही. पाळ्या तिथेच थांबतात, पाठलाग सुरू होतो. आणि कुठे भेटायचं ते लढाईआधीच ठरवायचं.

(दृश्य: माडी. रात्र. कागदावर नदीवरचा पूल.)

तो शब्द पहिल्यांदा रोग खेळणारीने उच्चारला. कुणीही पडलेलं नव्हतं. फायटरकडे अकरा एचपी होते, त्याचा फासा हवेत होता. तो तसाच मुठीत धरून तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “चल बे, पळू.” सोन्याचं पोतं पुलावर टाकलं. राक्षस त्यावर तुटून पडले. चौघेही नावेपाशी भेटले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. खाली गल्लीत एक रिक्षा थांबली, निघून गेली. क्लेरिकने चौघांचे एचपी पुन्हा मोजले. फायटरने कोरा कागद ओढला आणि तो पूल नव्याने काढायला घेतला, या वेळी दोन्ही काठांसकट.