ऐकू येतं, कळत नाही

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या वयाची माणसं कानाबद्दल एक तक्रार हमखास करतात. "आवाज येतो हो, पण काय बोलले ते कळत नाही." घरच्यांना हा बहाणा वाटतो. "बाबांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं," असंही म्हणतात, आणि नेमकं तेवढं आपल्याला ऐकू येतं! पण तक्रार खरी आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते आणि तिच्यात केसाळ पेशी. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. वयानं किंवा गोंगाटानं बहुतेक वेळा त्याच आधी मरतात, आणि मेल्या की परत येत नाहीत. आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस, ते पोचतात. स, श, त, ठ, फ ही व्यंजनं हलकी, ती गळतात. मग गोळी 'सात' वाजता की 'आठ', हा घोळ. समोरचा ओरडला की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनांची बोंब तशीच. म्हणून ओरडू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला.

आपलं गाव मागांचं. मी उभी नोकरी यंत्रमागाच्या शेडमध्ये केली. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे, नाहीतर हातानं खुणा करायच्या. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्याची मर्यादा 90 डेसिबल. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. आम्ही कानात कापूस कोंबायचो, पण साध्या कापसानं आवाज फारसा अडत नाही. अशा कानांच्या तपासणीत आलेखाला 4000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाच्या, आसपास खड्डा दिसतो.

आणखी एक आपल्याकडचंच. गळालेली अक्षरं मेंदू अंदाजानं भरून काढतो. मातृभाषेत हे चटकन जमतं, दुसऱ्या भाषेत चाचपडत. म्हणून पूर्व भागातले तेलुगू बोलणारे आजोबा घरात ठीक ऐकतात आणि बँकेत मराठीत अडखळतात. कन्नडवाल्यांचंही तेच. त्यात सोंग नाही.

आता कानाचं मशीन. "चष्म्यासारखंच समजा," असं सगळे सांगतात. मला ही तुलना फसवी वाटते. चष्मा लावला की अक्षर तेव्हाच दिसतं. मशीन लावलं की आधी भांडी आदळतात, प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरते, स्वतःचाच आवाज परका वाटतो. कित्येक वर्षं न आलेले आवाज मेंदूला नव्यानं ओळखावे लागतात. त्याला आठवडे लागतात, कुणाला महिनेही. चष्म्याची अपेक्षा धरणारा चार दिवसांत मशीन डबीत टाकतो. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोला, मग टीव्ही. लग्नाचं कार्यालय सर्वांत शेवटी, आणि गड्ड्याच्या जत्रेत तर धड कानाच्या माणसालाही काही कळत नाही!

विकत घेण्याआधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, कधी नुसता मळच असतो. एक कान अचानक बंद झाला तर मात्र त्याच दिवशी गाठा. तिथं उशीर महागात पडतो. तपासणीचा आलेख पाहून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मशीन तुमच्या कानाला बसवतात आणि नंतरही दोन-चारदा जुळवून देतात. सगळंच सरसकट मोठं करणारी स्वस्त यंत्रं घेऊ नका. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या, साठी ओलांडलेल्यांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात श्रवणयंत्रही मिळतं. चौकशी करायला लाजू नका.

मशीनच्या सेलवरचा स्टिकर काढला की मिनिटभर थांबा, मग बसवा. हा सेल हवेवर चालतो. आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये मशीनचा वैरी म्हणजे घाम. रात्री पुसून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

आता प्रश्न घेऊ. तेवढा तो कूलर बंद करा, उकडलं तर सोसू. आणि विचारणाऱ्यानं तोंडावरचा रुमाल काढून, माझ्याकडे बघून विचारावं.