मोडेमचा आवाज बंद करू नका

मंडळी, विषय ठरलाय 'लिनक्सवर डायल-अप का लागत नाही'. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणकाची प्रणाली, आणि डायल-अप म्हणजे फोनलाइनवरून घेतलेलं इंटरनेट. विषयावर येतोच. पण आधी एक हट्टाचं सांगतो. संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या मोडेमचा तो किरकिराट घरात नको म्हणून आपण त्याला एटीएम० ही आज्ञा देऊन गप्प करतो. (हे एटीएम पैशांचं नव्हे.) तसं करू नका. एटीएम१ ठेवा. कनेक्शन जुळेपर्यंत तो आवाजच सगळं सांगत असतो.

गोव्यात डिचोलीला घरी पहिलं कनेक्शन घेतलं तेव्हा दुकानदारानं आतल्या स्लॉटमधलं मोडेम गळ्यात मारलं. त्या कार्डावर अर्धंच मोडेम होतं. उरलेलं काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून करून घ्यायचा. लिनक्सला ते दिसेचना. पैसे परत नाहीत. याचा राग मला अजून आहे, कारण खोक्यावर नुसतं 'मोडेम' लिहिलं होतं. मग सीरियल केबलचं बाहेरचं मोडेम आणलं.

ते डायल करायच्या आधीच 'नो डायलटोन' म्हणायला लागलं! रिसीव्हर उचलला तर टोन स्वच्छ. अमेरिकेतला टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा, आपला ४०० हर्ट्झचा, तोही २५ हर्ट्झनं हलणारा. मोडेमला तो ओळखू आला नाही. एटीएक्स३ दिलं, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरव. लागलं.

आणि जून आला. रोज संध्याकाळी पावसाची सर आली की 'नो कॅरियर', म्हणजे जोडणी तुटली. आठ दिवस मी कॉन्फिगरेशन बदलत होतो, एकदा सगळं लिनक्स पुन्हा घातलं. नवव्या दिवशी नीट कान दिला. दोन मोडेमांचं बोलणं सुरू व्हायचं, तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि मागे सतत खरखर. लाइनमननं खांबावरची पेटी उघडली, हिरवी पडलेली तार दाखवली आणि म्हणाला, "मास्तर, जॉयंटांत उदक रिगलां." म्हणजे जोडात पाणी शिरलंय. त्यानं जोड नीट केला. मग गणपतीच्या चवथीपर्यंत पुन्हा एकदाही तुटलं नाही.

पाचच मिनिटं उरलीत? बरं, पटापट घेतो.

मोडेम जोडलंय ते पोर्ट बघा: विंडोजचं कॉम१ म्हणजे इथे टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ हा प्रोग्रॅम चालवलात की तो मोडेम स्वतः शोधतो. मोडेम 'कनेक्ट' म्हणूनही पीपीपी (फोनलाइनवरून इंटरनेट चालवण्याची पद्धत) 'एलसीपी टाइमआउट', म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, असं म्हणत असेल, तर बहुधा पलीकडे अजून लॉगिनचा प्रॉम्प्टच उभा आहे किंवा लाइन खराब आहे, व्हार-लॉग-मेसेजेस ही नोंदींची फाइल वाचा. पॅप, म्हणजे पलीकडची ओळख-तपासणी, नाकारली गेली तर युजरनेम-पासवर्ड तपासा. आयपी पत्ता मिळाला तरी काहीच उघडत नसेल तर मशीनमधलं नेटवर्क कार्ड बघा: त्याचा डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला मार्ग) आधीच असला तर पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम, तो बदलत नाही, तो आधी काढावा लागतो. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातो पण नावाला नाही? मग नावांचे पत्ते कुणाला विचारायचे ते सांगणारी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल रिकामी आहे, पीपीपीच्या पर्यायांत यूजपीअरडीएनएस घाला.

ज्यांचं अजून लागत नाही त्यांनी मोडेम घेऊन पुढे या, इथला फोन मागून घेतलाय.