१२०० चा आकडा कुणाचा?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत एका आहारतज्ज्ञ वक्त्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला बोलावताना एकच विनंती केली होती, 'ताई, लोकांना आकडा सांगा.' वजन उतरवायचं तर दिवसाला किती कॅलरी खायच्या, तो आकडा. आता या सभागृहात जेवढी डोकी तेवढे आकडे निघतील, त्यामुळे सरसकट एक सांगता येणार नाही. पण तो काढायचा कसा, हे मात्र आज नक्की सांगते. मोबाइल बाहेर काढा, आज परवानगी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणी आधीच १२०० कॅलरींवर असतात, निदान त्यांना तसं वाटत असतं. हा आकडा दिला कुणी, असं विचारलं तर कुणी जिममधल्या ट्रेनरचं नाव सांगतं, कुणी ॲपचं, कुणी जावेचं. आकडा तसा जुना आहे. लुलू हंट पीटर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९१८ साली कॅलरी मोजून वजन उतरवण्यावर पुस्तक लिहिलं, ते धडाक्यात खपलं, आणि त्यातही १२०० च होते. शंभर वर्षं झाली, आकडा हलायला तयार नाही. उंची कोणतीही असो, वय कितीही असो, काम कोणतंही असो, सगळ्यांना १२००!

आपण उलट्या बाजूनं सुरुवात करू. आधी खर्च बघू, मग जमा ठरवू.

शरीराचा सगळ्यात मोठा खर्च काही न करता होतो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचं काम झोपेतही चालूच असतं. हा मूळ खर्च काढायला १९९० साली मांडलेलं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र आज सर्रास वापरतात. वजन किलोत घ्या, त्याला १० नं गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये, तिला ६.२५ नं गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. शेवटी पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे.

उदाहरणादाखल एक बाई घेऊ. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, नोकरी बँकेत, घरी पोळ्यांना बाई आहे. ७२० अधिक ९८७.५, त्यातून २१० गेले, १६१ गेले. उरले साधारण १३३७. हा झाला नुसता पडून राहण्याचा खर्च. उठबस, ऑफिस, स्वयंपाकघर, बाजारहाट यांसाठी याला एका गुणकानं गुणतात, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ॲप विचारतं, तुम्ही 'मध्यम सक्रिय' आहात का? सकाळी अर्धा तास टेकडीवर जाऊन आलेला माणूस लगेच 'हो' म्हणतो. त्यानंतरचे नऊ तास तो खुर्चीत असतो, ते कोण मोजणार? 'मध्यम' म्हणजे १.५५, तो धरला तर आपल्या बाईंचा खर्च २०७० च्या वर दिसतो. बैठं काम म्हणजे १.२. आपण थोडं हिंडणंफिरणं धरून १.३ घेऊ. आले १७३८.

अजून एक कात्री लावायची आहे. हे सूत्र अमेरिकेतल्या माणसांवरून बनलंय. आपल्या अंगात त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे नवजात बाळांपासून दाखवून दिलं आहे: दिसायला बारीक, पण चरबीचं प्रमाण जास्त. चरबीपेक्षा स्नायू जास्त ऊर्जा खातात, म्हणून आपला मूळ खर्च परदेशी सूत्रापेक्षा थोडा कमी धरणं शहाणपणाचं. पाच टक्के कमी करू. आपल्या बाईंचा दिवसाचा खर्च झाला साधारण १६५०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी १६६० हा आकडा दिला आहे. म्हणजे आपण फार भलतीकडे गेलो नाही.

आता यातून किती कमी करायचे? नेटवर कुठेही बघा, ठरलेलं उत्तर येतं: रोज ५०० कमी करा, आठवड्याला अर्धा किलो जाईल. हिशेब असा की एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. पण ज्याचा खर्च २८०० आहे अशा धिप्पाड माणसाला ५०० कमी करणं आणि १६५० वाल्या आपल्या बाईंना ५०० कमी करणं, ही एकच गोष्ट आहे का? त्याचं ताट सहाव्या हिश्शानं कमी झालं, हिचं जवळपास तिसऱ्या. म्हणून मी ५०० सांगत नाही, टक्के सांगते. खर्चाच्या १५ ते २० टक्के कमी करा. आपल्या बाईंचे झाले ३००, उरले १३५०. हा तिचा आकडा.

कमी आकड्याची किंमत काय असते, हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली बघितलं गेलं. महायुद्ध चालू होतं, आणि उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सावरायचं कसं हे ॲन्सेल कीज यांना शोधायचं होतं. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून पुढे आले. त्यांना २४ आठवडे नेहमीच्या अन्नाच्या साधारण निम्म्यावर ठेवलं. निम्मं म्हणजे जवळपास १६०० कॅलरी. वजन पावएक उतरलं, पण माणसं चिडचिडी झाली, थंडीनं कुडकुडायला लागली, दिवसभर डोक्यात जेवणाशिवाय दुसरा विषय नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. १६०० हा आकडा त्या पोरांसाठी उपासमारीचा होता, आणि आपल्या बाईंसाठी तोच पोटभर. आता उलट करून बघा: हिला ८०० वर ठेवलं तर हिचीही तीच गत होणार. 'मला कंट्रोलच नाही' असं म्हणत रात्री अकराला फ्रीज उघडणाऱ्या कितीतरी बायका मुळात चुकीच्या आकड्यावर बसवलेल्या असतात. आठशेच्या आसपासचे आहार काही रुग्णांना देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ते घरी करायचं काम नाही.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त मनं मोडतात, तिकडे येते. रोज ३०० कमी, म्हणजे वर्षाला १,०९,५००. भागिले ७७००, आले १४ किलो. बाईंनी मनात लेकीच्या लग्नाची साडीसुद्धा नेसून बघितली. प्रत्यक्षात १४ जात नाहीत. कारण वजन उतरलं की खर्चही उतरतो. लहान झालेल्या शरीराला कमी लागतं, आणि कळत-नकळत हालचालही मंदावते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये याचं गणित मांडलं. त्यातून आलेला अंदाज फार उपयोगाचा आहे: रोजच्या खाण्यात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट केली तर शेवटी एक किलो वजन उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळं व्हायला तीन वर्षं लागतात. म्हणजे आपल्या बाईंच्या ३०० चे शेवटी बारा-साडेबारा किलो, आणि पहिल्या वर्षात सहा.

सहाच? असा चेहरा तुमच्यापैकी बऱ्याचजणांनी आत्ता केला. २००२ साली अमेरिकेतला मधुमेह-प्रतिबंधाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७२ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलो. आणि हे वर्षाचे सहा आहेत. साडीच्या बाबतीत मी काही बोलत नाही.

बरं, आकडा ठरला १३५०. आता घरात कढई, डाव, वाट्या घेऊन तो पाळायचा. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एक अभ्यास झाला. '१२०० च्या खाली खातो, तरी वजन हलत नाही' अशी तक्रार असलेले लोक घेतले आणि त्यांचा खरा खर्च आणि खरं खाणं मोजलं. शरीरात बिघाड काही सापडला नाही. लोक खाणं ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आमटीची चव बघितलेली, लेकाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, चहाबरोबरची खारी, हे कुठल्या वहीत लिहिलं जातं?

आपल्याकडे सगळ्यात जास्त निसटतं ते तेल. म्हणून तेल चमच्यानं मोजू नका, महिन्याच्या किराण्याच्या यादीवरून मोजा. एक लिटर तेलात साधारण ८२०० कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी रोजच्या पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणलं तर ताटातला एक घास कमी न करता माणशी सत्तरएक वाचतात. फोडणी करपत नाही, मी करून बघितलंय. साखरेचे आणि भरपूर दुधाचे चहा तीनचे दोन करायचं गणित तुमचं तुम्ही करा.

आणि उपवास. साबुदाणा खिचडीची एक बशी डोळ्यांसमोर आणा. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, त्याच्या २१०. दाण्याचं कूट २० ग्रॅम, शंभरच्या थोड्या वर. तूप मोठा चमचा, १३५. बटाट्याच्या फोडी, ३५. पाचशेच्या घरात गेली एक बशी, आणि प्रथिनं म्हणाल तर दाण्यांत असतील तेवढीच. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. फक्त त्या दिवशी कमी खाल्लं असं वहीत लिहू नका. १३५० मध्ये प्रथिनांना जागा राखावीच लागते, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. पातळ वरणाच्या वाटीवर भागत नाही. मटकीची उसळ, पिठलं, अंडं, मासे, दही यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला हवं.

वजनकाट्याबद्दल थोडंच. रोज सकाळी बघा किंवा आठवड्याला बघा, पण निर्णय तीन-चार आठवड्यांचा कल बघूनच घ्या. लग्नात पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढतं, ते पाणी असतं. चार आठवड्यांत काटा खरोखर हलला नाही तर आपण काढलेला खर्च जास्त होता किंवा काही खाणं वहीतून निसटलं, एवढाच त्याचा अर्थ. शंभर कमी करा, पुन्हा बघा. उलट, झोप लागेना, केस गळायला लागले, पाळी चुकली, तर आकडा वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुलं, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी आजचं गणित स्वतःला लावायचं नाही.

मागून एक चिठ्ठी आली आहे: 'मी आणि मिस्टर एकत्र डाएट करतो, त्यांचं उतरतं, माझं नाही.' उत्तर गणितातच आहे. मिस्टर ४५ वर्षांचे, १७२ सेंटिमीटर, ८० किलो धरू. त्याच पद्धतीनं त्यांचा खर्च येतो २०४० च्या आसपास. तुमच्या १३५० च्या ताटावर ते जेवले तर त्यांची तूट ७०० ची होते, तुमची ३०० ची. त्यांचं भराभर उतरणारच, आणि दोन महिन्यांनी सोडून देणारेही बहुधा तेच असणार. त्यांना साधारण १७०० हवेत. म्हणजे तेल-फोडणी दोघांना सारखीच, भाजी सारखीच. त्यांच्या ताटात फक्त दोन पोळ्या आणि अर्धी वाटी उसळ जास्त वाढा. आणि 'तुम्हाला मिळतं, मला का नाही' हे भांडण जेवणानंतर करा.