बुधवारवाला

श्रोतेहो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला राहतो. वय सव्वीस. तीन वर्षांपासून चर्चचा प्रचारक म्हणून खेड्यांमध्ये काम करतोय. मंडळीतली पोरं मला 'ब्रदर' म्हणतात. म्हातारी माणसं 'पास्टरभाऊ' म्हणतात, जरी मी अजून पाळक झालेलो नाही. आणि एका गावात माझं नाव 'बुधवारवाला' आहे, कारण त्या गावाला मी बुधवारी जातो. आज मला या नावाबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे गावं वारांवर चालतात. बाजाराचा वार ठरलेला, त्याच दिवशी मीठ-मिरची, त्याच दिवशी उधारी-उसनवारी. माझ्या वाट्याला पाच गावं आणि एक कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे छोटी वस्ती, आहे. मीही प्रत्येकाला एक वार दिलेला आहे. पहाटे पाचला उठतो, शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, पाणी भरतो, डबा बांधतो आणि जुन्या मोटरसायकलवर निघतो. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी चालत नाही, चाकाला चिखल धरतो. मग गाडी सडकेवर ठेवायची आणि चप्पल हातात घेऊन चालायचं.

दिवसभर उपदेश करत फिरत असेन, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. दिवसा गावात माणूसच नसतो, सगळे वावरात. मग मी घरी राहिलेल्यांकडे जातो. आजारी माणसाजवळ बसतो. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा आधार क्रमांक, कुणाच्या पोरीचा वसतिगृहाचा अर्ज. शाळा सुटली की पोरांचे पाढे घेतो. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाया सांजेला येतात, चूल पेटवतात, भाकरी टाकतात. घरातल्यांची जेवणं झाली की साडेआठला प्रार्थनेला बसतात, ढोलकी आणि झांज घेऊन. भजन म्हणेपर्यंत जाग्या असतात. वचन सुरू झालं की दिवसभर वाकलेल्या पाठी भिंतीला टेकतात आणि डोळे मिटतात. सुरुवातीला मी चाळीस मिनिटं बोलायचो. आता दहा मिनिटं बोलतो. दमलेल्या माणसाला झोपू देणं हीसुद्धा सेवाच आहे, असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात प्रार्थनेनंतर आणखी पाच मिनिटं मागतो, ती फवारणीसाठी. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली असली की फवारा अंगावर येतो. वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका, तोंडाला फडकं बांधा, तंबाखूला हात लावायच्या आधी साबणाने धुवा, कपडे वेगळे टाका. पास्टरभाऊ हे काऊन सांगते, असं एका तरुणाने विचारलं होतं. त्याच्याच चुलत्याने उत्तर दिलं, "तू उद्या जित्ता राह्यला त परार्थनेले येशीन ना गा?"

लोक अजून एक गोष्ट विचारतात, थेट विचारतात आणि विचारायलाच हवी: तू धर्म बदलवायला येतोस का? मी सांगतो, येशूवर माझा विश्वास आहे, विचाराल तर तासभर त्याच्याबद्दल सांगेन. पण रेशनकार्डाच्या अर्जाच्या बदल्यात कुणाचा विश्वास मागणं हे मी पाप मानतो. माझ्या पाच गावांत ज्यांची कामं केली, त्यातले बहुतेक लोक आमच्या उपासनेला कधी आलेले नाहीत. ते मला चहा पाजतात, मी पितो.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे स्टीफन हिस्लॉप हे नाव विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. कॉलेज त्यांच्यानंतर, १८८३ मध्ये निघालं. मला त्यांची ओढ वेगळ्या कारणाने आहे. सांगायला आलेला हा माणूस ऐकत बसला. एका परधानाच्या, म्हणजे गोंडांची गाणी गाणाऱ्या भाटाच्या तोंडून त्यांनी गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गाणं उतरवून घेतलं. ते गाणं लांबलचक आहे. ते ऐकायला, लिहायला, पुन्हा विचारायला किती बैठका लागल्या असतील! ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटच्या परिसरात, पुराच्या पाण्यात बुडून ते वारले. त्यांचे कागद ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून ते गाणं कागदावर राहिलं. पोडावर कोलामी भाषा कानावर पडते, तेव्हा मला ते आठवतात. कोलामी तेलुगूच्या घराण्यातली, माझ्या वऱ्हाडी कानाला परकी. मी वही घेऊन पोरांजवळ बसतो, ती शब्द सांगतात, माझा उच्चार चुकला की हसतात आणि पुन्हा सांगतात.

आता बुधवारचं सांगतो.

त्या गावात एक आजी आहे. निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यात येणं बंद झालं होतं. बँकेत जाऊन अंगठा द्यायचा होता. मी म्हटलं, आजी, येत्या बुधवारी सकाळी येतो, गाडीवर घेऊन जातो. आणि त्या बुधवारी मी गेलो नाही. शहरात तरुणांच्या शिबिराची बैठक लागली. मला ती मोठी वाटली. निरोप धाडायचंही सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी गेलो तेव्हा कळलं की आजी सकाळी सातपासून धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. तिला धरून गाडीवर बसवायला कुणीतरी हवं, म्हणून सून वेचणीला गेली नाही, तिचा रोज बुडला. दुपारपर्यंत दोघी वाटेकडे पाहत होत्या. मी माफी मागितली. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वार सांगत नोको जाऊ बापा. आला त आला. पन वार सांगितला त येजो."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्यानंतर शहरातल्या दोन बैठका मी सोडल्या, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. एकदा नाल्याला पूर होता तेव्हा अलीकडच्या काठावरून फोन करून सांगितलं, येऊ शकत नाही. पलीकडे ज्याने फोन घेतला त्याने पाच घरं फिरून निरोप दिला.

आजीला मी नंतर बँकेत नेलं. अंगठा जुळला नाही. साठ वर्षं निंदण-वेचणी करून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. दुसरं बोट लावलं, हात धुऊन पाहिला, तेल लावून पाहिलं. यंत्र नाही म्हणत राहिलं. घरी परतताना गाडीवर मागे बसून ती आपले दोन्ही तळवे उघडून पाहत होती, हे मला आरशात दिसलं. तिथल्या साहेबांनी डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र तालुक्याला आहे असं सांगितलंय, आणि मी तिथे जाऊन वेळ घेऊन आलोय.

आजी, सुनेने रेडिओ लावला असेल तर ऐक. बुधवारी सकाळी आठला येतो. आधार कार्ड आणि पासबुक पिशवीत घालून ठेव. आणि सुनेला वेचणीला जाऊ दे, या खेपेला मी मंडळीतल्या एका ताईला सोबत आणतोय.