टेबलावरची मेड्युसा

(काळोख. खांबांवर आगीचा लवलवता उजेड. दुरून खुळखुळ्यासारखा आवाज.)

आधी हा आवाज ऐका. ती अजून दिसलेली नाही. देवळात जागोजागी आग पेटलीय, खांबांच्या सावल्या भिंतींवर हलताहेत आणि त्या सावल्यांमागे कुठेतरी हा खुळखुळा वाजतोय. तो तिच्या शेपटीचा आवाज. मग एक हात दिसतो. दोन्ही हातांवर भार टाकून ती आपलं अंग फरशीवरून ओढत पुढे येते. कमरेखाली साप, केसांच्या जागी साप, जवळ धनुष्यबाण. तिच्या डोळ्याला डोळा भिडला की माणसाचा दगड होतो.

ही मेड्युसा. चित्रपट ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’, साल १९८१.

मी ही मेड्युसा पहिल्यांदा पाहिली तेव्हा शाळेत होतो. वाडीतल्या मोठ्या पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. तीन कॅसेटी होत्या, त्यातली ही मधली. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. पण हा खुळखुळा वाजायला लागला आणि सतरंजीवर पुढे बसलेली आम्ही पोरं न बोलता मागे सरकलो. पुढे कितीतरी मोठमोठे ट्रिकसीन पाहिले. मागे सरकायला लावणारा एवढा एकच.

(दृश्य: समुद्र, पांढरी देवळं, पंखांचा घोडा.)

गोष्ट ग्रीक पुराणातली आहे. अर्गोसचा राजा अक्रिसियस आपल्या मुलीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला पेटीत बंद करून समुद्रात सोडतो. बाळाचा बाप साक्षात देवराज झ्यूस. पेटीत घालून पाण्यात सोडलेलं देवाचं मूल म्हटलं की आपल्याला कर्ण आठवतो, त्यामुळे इथे समजवायला फार काही नाही. हा मुलगा म्हणजे पर्सियस. तो मोठा होतो, अँड्रोमेडा नावाच्या राजकन्येच्या प्रेमात पडतो. तिची आई कॅसिओपिया भर देवळात बोलून जाते की माझी लेक थेटिस देवीपेक्षाही देखणी. देवी कोपते आणि राजकन्येचा बळी मागते. समुद्रातून क्राकेन नावाचा राक्षस येणार. त्याला मारायचा उपाय एकच, मेड्युसाचं छाटलेलं मुंडकं त्याच्यासमोर धरायचं.

जाणकारांनी या गोष्टीत पुष्कळ चुका काढल्या आणि त्या खऱ्या आहेत. क्राकेन हा ग्रीक नाहीच, तो उत्तरेकडच्या नॉर्वेच्या दंतकथांमधला. पंखांचा घोडा पेगासस ग्रीक कथेत मेड्युसाच्या रक्तातून जन्मतो; इथे तो आधीपासूनच हजर आहे. शिंगं असलेला खलनायक कॅलिबॉस तर लेखकाने नव्याने घडवलेला. पण पुराणकथा सांगणारा प्रत्येक कीर्तनकार एवढी मोकळीक घेतोच, आणि गोष्ट नीट चालली असेल तर ऐकणारे ती देतात.

मला डाचतं ते वेगळंच. नायक हॅरी हॅमलिन दिसायला राजबिंडा आहे, पण त्याच्या तोंडची वाक्यं पाठ करून म्हटल्यासारखी येतात. देवलोकात लॉरेन्स ऑलिव्हिए, मॅगी स्मिथ, क्लेअर ब्लूम, उर्सुला अँड्रेस असे भारदस्त कलावंत आहेत, आणि बराच वेळ ते पांढरे झगे घालून नुसते उभे असतात. देवांचा लोहार हेफेस्टसने घडवलेलं बूबो नावाचं धातूचं घुबड शिट्ट्या मारत पोरांना हसवतं. मोठ्यांना तेच नको होतं.

पण त्याच देवलोकात एक जागा अशी आहे, की सगळा चित्रपट मला त्या जागेवरून समजला.

(जवळून: भिंतीतले कोनाडे. प्रत्येकात वीतभर उंचीची मातीची मूर्ती.)

झ्यूसच्या दालनात भिंतीभर कोनाडे आहेत, आणि कोनाड्याकोनाड्यात एकेका माणसाची छोटी मूर्ती. समोर रंगभूमीसारखं एक लहानसं रिंगण. सुरुवातीलाच झ्यूस अक्रिसियसची मूर्ती हातात घेतो आणि मुठीत चुरडतो. तिकडे अर्गोसमध्ये राजा संपतो. पुढे थेटिस देवी गुपचूप पर्सियसची मूर्ती उचलून रिंगणात ठेवते, आणि झोपलेला पर्सियस जागा होतो तो थेट जोप्पा शहरातल्या ओसाड रंगमंचावर.

देव मूर्ती हलवतात आणि माणसं हलतात. हा चित्रपट ज्याच्या डोक्यातून आला, त्याचा आयुष्यभराचा धंदा हाच होता.

(छायाचित्र: टेबलावर वाकलेला माणूस. समोर सांगाड्याची बाहुली.)

रे हॅरीहाउसेन. जन्म २९ जून १९२०, लॉस एंजेलिस. १३ वर्षांचा असताना त्याने ‘किंग काँग’ पाहिला आणि त्या प्रचंड माकडाने त्याला असं झपाटलं, की ते हललं कसं हे शोधण्यातच त्याची शाळा-कॉलेजची वर्षं गेली. काँगला हलवणारे विलिस ओब्रायन त्याला पुढे गुरू म्हणून लाभले. घरच्यांनी त्याला कधी वेड्यात काढलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. वडील फ्रेड मशीनवर काम करणारे कारागीर. बाहुल्यांच्या आतले धातूचे सांगाडे, गोळा आणि वाटीचे सांधे ते स्वतः घडवून द्यायचे. आई बाहुल्यांचे कपडे शिवायची. पुढे लेकाचं नाव झालं, चित्रपट मोठे झाले, तरी वडिलांनी सांगाडे करून देणं सोडलं नाही.

आता हे काम चालतं कसं, ते बघू.

धातूच्या सांगाड्यावर रबराचं अंग चढवायचं. बाहुली टेबलावर उभी करायची. कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची. मग हात केसभर हलवायचा, मान किंचित वळवायची. दुसरी फ्रेम. पुन्हा केसभर. एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. यालाच स्टॉप मोशन म्हणतात.

महाराष्ट्राला हे तत्त्व फार आधीपासून ठाऊक आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून एकेक फ्रेम टिपत राहिले. अंकुर फुटण्यापासून वेल चढण्यापर्यंतची सगळी वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली, आणि भांडवल देणाऱ्याला पटलं की या माणसाला पैसे द्यावेत. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवल्या. फाळक्यांच्या वाटाण्याला वाढवणारा निसर्ग होता. हॅरीहाउसेनच्या बाहुलीला मात्र हात लावल्याशिवाय बोटही हलवता येत नव्हतं.

त्यातून बाहुली एकटी नाही. तिला जिवंत नटाशी लढायचंय. त्यासाठी नट आधी हवेशीच लढतो. समोर कुणी नसताना तलवार कुठे फिरवायची, नजर किती उंच ठेवायची, हे सगळं ठरलेलं. ती फिल्म बाहुलीच्या मागच्या पडद्यावर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाडायची. बाहुलीच्या पुढ्यात काच, आणि चित्राचा पुढचा भाग जिथे यायचा तेवढी जागा काळी. सगळं टिपून झालं की फिल्म मागे फिरवायची, आणि या खेपेला फक्त त्या काळ्या जागेत पुढची जमीन, पुढचे खडक टिपायचे. बाहुली आता माणसांच्या मधोमध उभी दिसते. या पद्धतीला त्यांनी ‘डायनामेशन’ असं नाव दिलं होतं. १९६३ सालच्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधली सात सांगाड्यांची लढाई अशीच केलेली. पडद्यावर ती काही मिनिटं चालते. टेबलावर साडेचार महिने चालली.

आता मेड्युसाकडे या.

(मेड्युसाचा चेहरा. दृश्य थांबतं. एकेक फ्रेम पुढे सरकतं.)

तिच्या डोक्यावर बारा साप आहेत. प्रत्येकाचं तोंड आणि प्रत्येकाची शेपटी वेगवेगळी वळते. म्हणजे नुसत्या केसांसाठी एका फ्रेमला चोवीस हालचाली. मिनिटाला १,४४० फ्रेम. गुणाकार ३४,५६० वर जातो. आणि यात अजून तिचे हात नाहीत, धनुष्याची दोरी नाही, सापाचं धड नाही, शेपटीचा खुळखुळा नाही. बरं, कालच्या फ्रेममध्ये सातवा साप डावीकडे निघाला होता, हे आज सकाळी लक्षात ठेवावं लागतं. चुकलं, तर तो साप मध्येच दचकतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

जुन्या चित्रांत मेड्युसाला बाईचे पाय असतात, अंगावर झगा असतो. हॅरीहाउसेनने झगा काढून टाकला, कारण लहरणारं कापड फ्रेमगणिक हलवणं महाकठीण. पाय काढून सापाचं धड दिलं, शेवटी खुळखुळ्या सापाची शेपटी जोडली. अडचणीतून सुचलेली गोष्ट, पण तीच तिच्या भयाचं मूळ झाली. पाय असते तर ती चालत आली असती. पाय नाहीत, म्हणून तिला स्वतःला ओढावं लागतं, आणि त्या ओढण्यात कष्ट आहेत, दुखणं आहे. मला तिची भीती वाटते तशी कणवही येते. रबराच्या बाहुलीबद्दल हे वाटतं, आणि त्याच दृश्यातल्या हाडामांसाच्या सैनिकांबद्दल तितकं वाटत नाही.

आणि तो उजेड. देवळातली आग लवलवते तेव्हा तिच्या गालावरची सावलीही लवलवते. पण टेबलावर खऱ्या आगीचा उपयोग नाही. दोन फ्रेममध्ये कित्येक मिनिटं जातात, तेवढ्यात ज्योत शंभरदा वळते. म्हणजे उजेडही बाहुलीसारखाच फ्रेमगणिक हाताने हलवायचा. किती मंद, किती तांबूस, कुठल्या बाजूने. पर्सियस ढालीच्या पाठीत तिचं प्रतिबिंब पाहत खांबाआड उभा राहतो आणि ती जवळजवळ येते, तेव्हा श्वास अडकतो तो या उजेडामुळे. घाव बसतो. मुंडकं पडल्यावरही धड वळवळत राहतं, आणि दाट रक्त फरशीवर पसरतं.

लोक म्हणतात, जुनं आहे, झटके घेत चालतं. झटके दिसतात, मी नाकारत नाही. त्याचं कारण मात्र साधं आहे. धावत्या घोड्याचं चित्रण एखाद्या फ्रेमवर थांबवा. पाय पुसट दिसतील, कारण फ्रेम टिपली जात असताना पाय हलत होते. मेड्युसाची कुठलीही फ्रेम थांबवा. प्रत्येक खवला लख्ख, कारण फ्रेम टिपताना ती स्तब्ध होती. डोळ्याला तो पुसटपणा सवयीचा असतो. तो नसला की हालचाल किंचित तुटक वाटते. माझ्या मते मेड्युसाला हे शोभूनच दिसतं. दगड करणारी बाई, आणि तिच्या प्रत्येक फ्रेममध्ये थोडी दगडाची स्थिरता उतरलेली आहे.

(दृश्य: १९८१ सालच्या जून महिन्यातली चित्रपटगृहं.)

१२ जून १९८१. अमेरिकेत हा चित्रपट लागला त्याच दिवशी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ही लागला. दोनच आठवड्यांनी ‘ड्रॅगनस्लेयर’ आला. त्यातल्या ड्रॅगनच्या बाहुलीला मोटारी जोडल्या होत्या. फ्रेम टिपतानाच त्या बाहुलीला हलवायच्या, म्हणजे पुसटपणा आपोआप येई. याला ‘गो मोशन’ म्हणत. ते करणाऱ्यांत फिल टिपेट होता, जो लहानपणी हॅरीहाउसेनचाच सिंदबाद पाहून या कामाकडे वळला होता. त्या वर्षी ट्रिकसीनच्या ऑस्करसाठी दोन नावं होती, ‘रेडर्स’ आणि ‘ड्रॅगनस्लेयर’. ‘क्लॅश’ त्यात नव्हता.

तिकीटबारीवर तो पडला नाही, उलट चांगला चालला. पण हॅरीहाउसेनने यानंतर पूर्ण लांबीचा एकही चित्रपट केला नाही. या कामासाठी त्याने जिम डॅनफोर्थ आणि स्टीव्ह आर्चर यांना मदतीला घेतलं होतं, कारण काम एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. आयुष्यभर खोलीत एकट्याने, दार बंद करून बाहुल्या हलवणाऱ्या माणसाला तो बदल किती जड गेला असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. १९९२ साली त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीने गॉर्डन सॉयर पुरस्कार दिला. ७ मे २०१३ रोजी लंडनमध्ये तो गेला, ९२ वर्षांचा होऊन.

(दृश्य: रात्रीचं आकाश. तारे जोडत जाणाऱ्या रेषा.)

चित्रपटाच्या शेवटी झ्यूस हुकूम देतो की पर्सियस, अँड्रोमेडा, पेगासस आणि गर्विष्ठ कॅसिओपियालाही ताऱ्यांत जागा द्या. ही तारकामंडळं खरीच आहेत आणि मराठीत त्यांची नावं आपण आपल्या पुराणातून घेतली आहेत. पर्सियस म्हणजे ययाती. अँड्रोमेडा म्हणजे देवयानी. कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा. तिकडचं एक कुटुंब, इकडचं एक कुटुंब, आणि दोन्हीकडे रुसवे, गर्व, शाप तेवढेच.

हिवाळ्यात संध्याकाळनंतर गच्चीवर जा. उत्तरेकडे शर्मिष्ठेचा एम शोधा, तिच्या शेजारी ययाती सापडेल. त्याच्या हातातल्या मुंडक्याच्या जागी एक तारा आहे, अल्गोल. अरबीत त्याचं नाव पिशाच्चाचं डोकं अशा अर्थाचं. ही एक जोडी आहे. मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जातो तेव्हा उजेड कमी होतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो. दुर्बीण लागत नाही. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं की साध्या डोळ्यांनी कळतं.

मी गेल्या डिसेंबरात पाहिलं. रात्री नऊला तो मंद होता. साडेबाराला पुन्हा गच्चीवर गेलो, तेव्हा मेड्युसाचा डोळा उघडत होता.

(काळोख. खुळखुळ्याचा आवाज.)