कमी पळालेली गाडी

[दृश्य: पश्चिम द्रुतगती मार्ग, सकाळचे साडेनऊ. अंधेरीजवळ गाड्यांची रांग.]

मुंबईत जुनी गाडी विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "साहेब, गाडी फक्त चाळीस हजार पळालीय." बऱ्याचदा ते खरंही असतं. घर, ऑफिस आणि परत घर. या ट्रॅफिकमध्ये पळून पळून किती पळणार?

पण हे चाळीस हजार कापायला तास किती लागले? ताशी १५ किलोमीटरची सरासरी धरली, तर इंजिन २,६०० तासांहून जास्त चालू होतं. हायवेवर ताशी ५० ने धावणारी गाडी तेवढ्याच वेळात १ लाख ३० हजारांवर पोहोचते. मीटर अंतर मोजतो. सिग्नलला क्लच अर्धवट दाबून, हाफ क्लचवर काढलेले तास त्यात कुठेच दिसत नाहीत.

[दृश्य: गॅरेज. उतरवलेली, झिजलेली क्लच प्लेट.]

म्हणून इथल्या गाडीचा क्लच आधी बघायचा. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग जागचा हलला नाही, तर क्लच प्लेट संपत आलीय. यात घाबरण्यासारखं काही नाही. क्लच, सस्पेन्शनचे बुश, टायर, बॅटरी यांचा खर्च मेकॅनिककडून आधीच विचारून घेता येतो. तेवढे पैसे किमतीतून कापा आणि गाडी खुशाल घ्या.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर वीस हजारांवर आणि चारही टायर २०२३ चे? मग आधीचे टायर कुठे झिजले, हे मालकाला विचारायलाच हवं.

डिझेलचं गणित वेगळं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज दादर ते लोअर परळ करणाऱ्या गाडीला तो वेग मिळणार कुठून? फिल्टर तुंबतो, आणि बदलायचा झाला तर चांगलाच महाग पडतो. फक्त शहरात फिरलेली बीएस-६ डिझेल मी तरी घेणार नाही.

[दृश्य: हिंदमाता, पावसाळा. बोनेटपर्यंत पाणी.]

आणि खरी धास्ती पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. तसा पाऊस रोज होत नाही. पण मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता इथे गाडी अडकायला त्याच्या कितीतरी कमी पाऊस पुरतो. इंजिन उघडून दुरुस्त करता येतं. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी मात्र महिनोन्‌महिने आतून गंजवत राहतं. आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा, परवा गाडी भर रस्त्यात बंद. याचा अंदाज कुठला मेकॅनिक देणार? अशी गाडी लाखभर स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

ओळखायची कशी? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा; पॉलिश करणारा तिथवर सहसा पोचत नाही, गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर गंज बघा. कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. आत अत्तराचा भपका असेल तर नाक जरा जास्तच लावा. जुन्या विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, शून्य दिसला, तर क्लेम कशाचा होता हेही विचारा.

कागदांचं थोडक्यात. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहतं. फॉर्म ३५ देऊन ते उतरवलंय का, पाहा.

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. बोनेटवर ठेवलेला हात.]

गाडी बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा, आधी सुरू करू नका. इंजिनाची खडखड, निळा धूर हे सगळं थंड स्टार्टलाच पकडता येतं. बोनेट गरम लागलं, तर गप्पा मारा, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा.