गणपतीला नवरा गावी होता का?

(दृश्य: कणकवली स्थानक, मुंबईहून आलेली गाडी रिकामी होते आहे.)

नवरा मुंबईत किंवा बोटीवर, बायको गावात. मूल होतं आणि दुसराच पुरुष म्हणतो, ते माझं आहे. अशा वेळी रक्त कुणाचं, हे कोर्ट आधी विचारत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 116, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं 112, सांगतं: लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरं लग्न केलेलं नसताना 280 दिवसांच्या आत मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचंच औरस. हे खोडायला वाट एकच. गर्भ राहिला त्या काळात दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करायचं. 'आमचं पटत नव्हतं' एवढ्याने भागत नाही.

पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर जन्मतारखेपासून साधारण 266 दिवस मागे मोजा. 31 मे 2025 चा जन्म थेट 7 सप्टेंबर 2024 च्या गणेशचतुर्थीवर येतो. पुढेमागे दोन-तीन आठवडे धरावेच लागतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर अंदाज बराच नेमका होतो. त्या दिवसांत चाकरमानी घरी आला होता, तर दावा तिथेच अडतो. खलाशी असेल तर सीडीसीमधल्या, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदवहीतल्या, साइन-ऑन, साइन-ऑफच्या (बोटीवर रुजू झाल्याच्या, उतरल्याच्या) तारखा आणि पासपोर्टवरचे शिक्के भक्कम. मुंबईच्या कंपनीचा हजेरीपट मात्र लंगडा, कारण शनिवारी रात्रीची गाडी धरून सोमवारी कामावर परतता येतं.

(दृश्य: सीलबंद नमुन्याचं पाकीट.)

बरेच जण परस्पर खासगी लॅबचा डीएनए रिपोर्ट आणतात. नमुना नक्की कुणाचा, सील कुणासमोर लागलं, याचा पुरावा नसला की तो टिकत नाही. कोर्टही चाचणीचा आदेश सहज देत नाही. 28 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात कथित जैविक पित्यावर चाचणीची सक्ती करू दिली नाही. मुलावर 'अनौरस' हा शिक्का बसू नये, ही त्यामागची काळजी आम्हाला रास्त वाटते. मात्र 2014 मध्ये, चाचणीचा निकाल समोर आलेला असताना, त्याच न्यायालयाने तो कायद्याच्या गृहीतकाहून वरचढ मानला. म्हणून चाचणीला होकार देण्याआधी वकिलाशी बोला. एकदा नोंदीवर आलेला रिपोर्ट मागे घेता येत नाही.

हे गृहीतक खोडलं जात नाही तोवर मुलाच्या खर्चाची जबाबदारी कायद्याने बाप ठरलेल्या नवऱ्याचीच, आणि त्याच्यामागे सातबाऱ्यावर वारस म्हणून हे मूलही लागतं.